काळ्या घोड्याची चित्रदालने आणि चांदीपची भिंत

मुंबई शहर आपणां वसईकरांना परके नाही. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबे स्थानकाकडे पहिली उपनगरी गाडी सुटली आणि तेव्हापासून आपली केळी, भाजीपाला, फुले व दूध आणि पुढे आपली शिकलेली मुलेबाळे याच रुळांवरून त्या शहरात जात राहिली. सप्टेंबर महिन्यात आपण वांद्र्याच्या मोतमाउलीच्या जत्रेला जातो. बुधवारच्या नोव्हेनासाठी माहीमला उतरतो. आजारपण आले तर तेथील मोठ्या इस्पितळांच्या पायऱ्या चढतो आणि लग्नसराईत कापडबाजाराच्या गल्ल्या पालथ्या घालतो. परंतु याच शहराच्या दक्षिण भागात एक चौक असा आहे की जेथे हाकेच्या अंतरावर अनेक चित्रदालने उभी आहेत, आणि तेथे आपल्या धर्मग्रामांतील माणूस सहसा फिरकत नाही. त्या चौकाला काळा घोडा म्हणतात.

हा दोष आम्ही इतरांना देत नाही. सेमिनरीत असताना आम्ही तत्त्वज्ञान शिकलो, धर्मसिद्धांत शिकलो, उपदेश कसा करावा तेही शिकलो. एखाद्या चित्रासमोर स्वस्थ कसे उभे राहावे हे मात्र आम्हांला वयाची पन्नाशी गाठेपर्यंत कळले नव्हते. चित्रदालन म्हणजे श्रीमंतांचे स्थळ, तेथील चित्रे न समजणारी, आणि समजली तर बहुधा आपल्या संस्कारांना न मानवणारी, असा आमचा ग्रह होता. २०२० सालच्या जानेवारी महिन्यात चांदीप परिसरातील अठरा जणांसह आम्ही तेथे गेलो आणि तो ग्रह ढळला. त्या दिवशी जे पाहिले आणि त्यानंतर वाचून, विचारून जे जाणून घेतले, ते वाचकांपुढे ठेवावे एवढाच या लेखाचा हेतू आहे. या इतिहासात आपला वाटा आहे आणि आपला अपराधही आहे.

चित्र पाहण्यासाठी वेगळी इमारत ही कल्पना तशी अलीकडची. पूर्वी चित्राचे घर म्हणजे देवालय, राजवाडा किंवा घराची भिंत. इसवी सनाच्या सहाशेच्या सुमारास पोप थोर ग्रेगरी यांनी मार्से येथील बिशप सेरेनुस यांना पत्र पाठवून बजावले होते की, चर्चमधील चित्रे फोडू नयेत, कारण ज्यांना अक्षरे वाचता येत नाहीत त्यांच्यासाठी चित्रे हाच ग्रंथ आहे. हजार वर्षे युरोपातील शेतकरी आणि कोळी शुभवर्तमान वाचत आले ते या भिंतींवर. पुढे १७९३ साली पॅरिस येथील लूव्र राजवाडा जनतेसाठी खुला झाला, आणि ज्या चित्रांपुढे माणसे गुडघे टेकत असत त्यांच्यापुढे ती नुसती उभी राहू लागली. चित्राची पूजा संपून चित्राचे दर्शन सुरू झाले, असे म्हणता येईल. त्यात काही गमावले, काही मिळालेही.

आपल्या वसईत या प्रवासाचा पूर्वार्ध घडला, उत्तरार्ध मात्र घडला नाही. १५३४ च्या तहानंतर वसई पोर्तुगिजांकडे आली आणि किल्ल्यात एकामागून एक चर्चे व मठ उभे राहिले. १७३९ साली चिमाजी आप्पांच्या फौजेने किल्ला घेतला. चर्चे ओस पडली आणि तेथील घंटा दूरदूरच्या देवळांत गेल्या. आज तेथे कमानी आहेत, थडग्यांचे दगड आहेत, पण वेदीवरची चित्रे नाहीत. तेव्हापासून आपल्या चर्चमधील चित्र म्हणजे बाहेरून आणलेली वस्तू, प्रथम युरोपातून आणि नंतर छापील तसबिरींच्या किंवा प्लॅस्टरच्या पुतळ्यांच्या दुकानातून, अशी आपली समजूत झाली. आपल्यातील कोणी चित्र काढू शकेल, आणि ते वेदीपाशी लावता येईल, हे आपल्या मनातच येईनासे झाले.

मुंबईत मात्र याच काळात नवे दार उघडत होते. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ साली त्यांच्या नावाची कलाशाळा सुरू झाली. १८८८ साली बॉम्बे आर्ट सोसायटी स्थापन होऊन वार्षिक प्रदर्शने भरू लागली. या कलाशाळेच्या इतिहासात आरंभीच्या थोर भारतीय चित्रकारांत एक कॅथलिक नाव आहे, आणि ते आपल्यापैकी किती जणांनी ऐकले आहे याची आम्हांला शंका वाटते. ते नाव अंतोनियो झेवियर त्रिंदाद. गोव्यातील सांगे येथे १८७० साली जन्मलेले त्रिंदाद मुंबईस येऊन जे. जे. कलाशाळेत शिकले आणि तेथेच शिक्षक झाले. तैलरंगातील व्यक्तिचित्रांत त्यांचा हात असा होता की रसिक त्यांना पूर्वेकडील रेम्ब्रांट म्हणत. आपल्या पत्नीचे, फ्लोरा यांचे, त्यांनी केलेले चित्रण पाहावे. कोणा राणीचे नव्हे, एका गृहिणीचे ते चित्र आहे, आणि तरी त्यातील प्रतिष्ठा राणीला साजेशी आहे. १९३५ साली त्यांचे निधन झाले. त्यांची कन्या अँजेला त्रिंदाद (१९०९–१९८०) याही चित्रकार झाल्या. त्यांनी पवित्र मरियेला साडी नेसविली आणि ख्रिस्तजीवनातील प्रसंग भारतीय रूपात रंगविले.

त्यांच्याच पिढीतील दुसरे नाव आंजेलो द फोन्सेका यांचे. जन्म १९०२ सालचा, गोव्यातील सांतो एस्तेव्हाव बेटावरचा. जे. जे. मधील पाश्चात्त्य पद्धतीचे शिक्षण त्यांना पुरेसे वाटेना. ते शांतिनिकेतनास गेले आणि अवनींद्रनाथ ठाकूर व नंदलाल बोस यांच्या परंपरेत घडले. परत आल्यावर त्यांनी काढलेली मरियामाता सावळी होती, नऊवारीसारखे वस्त्र ल्यालेली, जमिनीवर बसलेली, जणू आपल्याच वाडीतली एखादी माउली. गोव्यातील तत्कालीन ख्रिस्ती समाजात अनेकांना हे रुचले नाही. देवमातेचा हा उपमर्द आहे असे त्यांना वाटले. फोन्सेका पुण्यास निघून गेले आणि शिवाजीनगर येथील ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून चित्रे काढू लागले. हा आश्रम अँग्लिकन बंधूंनी चालविलेला. एका कॅथलिक चित्रकाराला आपल्या घरी जागा मिळू नये आणि ती शेजारघरी मिळावी, ही गोष्ट आम्हांला आजही टोचते. १९६७ साली ते निवर्तले. आज त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह गोव्यात पर्वरी येथील झेवियर इतिहास संशोधन केंद्रात जपून ठेवला आहे. ज्या गोव्यातून ते गेले तेथेच ती चित्रे परतली.

तथापि सर्वच धर्मगुरूंनी त्यांच्याकडे पाठ फिरविली नव्हती, हेही सांगितले पाहिजे. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील स्पॅनिश जेझुईट इतिहासकार फादर हेन्री हेरास (१८८८–१९५५) यांनी ख्रिस्ती कलेला भारतीय रूप लाभावे म्हणून या चित्रकारांना हाताशी धरले, त्यांची चित्रे मिळवून आपल्या संस्थेत ठेवली. धोबीतलावावरील ती हेरास संस्था काळ्या घोड्यापासून फार दूर नाही. सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवर डोके झिजविणारा हा विद्वान धर्मगुरू सावळ्या मरियेपुढे थबकला. जुन्याची जाण असली म्हणजे नव्याची भीती वाटत नाही, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांला ठाऊक नाही.

आता तिसरे नाव, आणि ते सर्वांत अवघड. फ्रान्सिस न्यूटन सूझा. १९२४ साली गोव्यातील साळगाव येथे त्यांचा जन्म झाला. तान्हेपणीच वडील वारले. मुलाला देवी आल्या तेव्हा आईने संत फ्रान्सिस झेवियर यांना नवस केला, आणि मूल वाचल्यावर त्यांचे नाव त्याला जोडले. मुंबईत शिवणकाम करून त्या माउलीने त्याला जेझुईट शाळेत घातले. तेथून त्याला काढून टाकण्यात आले. पुढे तो जे. जे. कलाशाळेत गेला. स्वातंत्र्यचळवळीतील सहभागामुळे १९४५ साली तेथूनही त्याला काढले. दोन वर्षांनी, स्वातंत्र्याच्याच वर्षी, याच सूझांनी रझा, हुसेन, आरा, गाडे आणि मूर्तिकार बाकरे यांना घेऊन प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन केला. एक कॅथलिक, दोन मुसलमान, तीन हिंदू. देशात फाळणीचे रक्त वाहत असताना ही सहा मुले एकत्र बसून चित्राची नवी भाषा शोधत होती. १९४९ साली रॅम्पार्ट रोवरील बॉम्बे आर्ट सोसायटीच्या दालनात त्यांचे प्रदर्शन भरले. त्याच वर्षी सूझा लंडनला गेले, तेथे हलाखी सोसून नाव कमावले, आणि २००२ साली मुंबईतच वारले.

सूझांची सर्वच चित्रे कुटुंबाच्या दिवाणखान्यात लावण्याजोगी नाहीत, हे आम्ही मोकळेपणाने सांगतो. धर्मगुरूंविषयीही त्यांनी कठोर रेषा ओढल्या आहेत आणि त्यांतील काही आम्हांला अन्यायाच्या वाटतात. परंतु त्यांनी १९५९ साली काढलेले क्रूसारोहणाचे चित्र, जे आज लंडनच्या टेट संग्रहात आहे, ते आम्ही पुस्तकात पाहिले आणि बराच वेळ पान उलटवू शकलो नाही. तो येशू देखणा नाही. काळ्या, जाड, काटेरी रेषांनी तो जणू खिळला आहे. दर शुक्रवारी चाळीस दिवसांच्या काळात आपण क्रूसाची वाट करतो, चौदा स्थानकांपुढे गुडघे टेकतो, आणि त्या गुळगुळीत रंगीत आकृत्यांतून वेदना मात्र आपल्याला दिसेनाशी झालेली असते. साळगावच्या चर्चमध्ये लहानपणी पाहिलेला तो क्रूस या बंडखोर मुलाच्या मनातून आयुष्यभर गेला नाही. देऊळ सोडून गेलेल्याच्याही हातून प्रभूचे मुख रंगविले जाते, हे आम्हांला मान्य करावे लागले.

हा इतिहास मनात ठेवून आता वाचकांनी आमच्यासोबत त्या चौकात यावे. चांदीपहून विरारपर्यंत गाडीने आणि तेथून चर्चगेटपर्यंत साठ किलोमीटर लोकलने आम्ही गेलो. काळा घोडा हे नाव ज्या पुतळ्यावरून पडले तो सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ साली तेथून हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेण्यात आला. राजा गेला, पण लोकांनी घोड्याचे नाव सोडले नाही. २०१७ पासून तेथे पुन्हा एक काळा घोडा उभा आहे, आणि त्याच्यावर स्वार नाही. आमच्यातील एका गृहस्थांनी त्याकडे पाहून लगेच पाम संडेच्या शिंगराची आठवण काढली.

प्रथम आम्ही जहांगीर आर्ट गॅलरीत शिरलो. सर कावसजी जहांगीर यांनी आपल्या दिवंगत पुत्राच्या स्मरणार्थ दिलेल्या देणगीतून हे दालन १९५२ सालच्या जानेवारीत उभे राहिले. त्यापूर्वी तरुण चित्रकारांना चित्रे मांडण्यासाठी कायमची अशी जागाच नव्हती. हिटलरच्या राजवटीपासून निसटून मुंबईस आलेले वॉल्टर लँगहॅमर, रूडी फॉन लायडन आणि इमॅन्युएल श्लेसिंगर यांनी या तरुणांना घरी बोलावले, शिकविले, त्यांची चित्रे विकत घेतली. एका पारशाच्या पुत्रशोकातून, काही निर्वासितांच्या आस्थेतून आणि गरीब मुलांच्या जिद्दीतून मुंबईची नवी चित्रकला उभी राहिली. श्रीमंतांचे स्थळ म्हणून ज्याकडे आम्ही पाठ फिरविली होती, त्याचा पाया असा होता. आणि दारात तिकीटही नव्हते. जहांगीरमध्ये प्रवेश विनामूल्य असतो, हे कळल्यावर आमच्या मंडळींच्या चेहऱ्यावरचा ताण निम्मा उतरला.

उरलेला निम्मा ताण चित्रांपुढे उभे राहिल्यावर जाणवला. तेथील प्रदर्शने साधारणतः आठवडाभराची असतात आणि चित्रकार बहुधा स्वतः तेथे बसलेला असतो. त्या दिवशी एका दालनात नुसते रंगांचे पट्टे होते. आमची मंडळी चपला वाजणार नाहीत अशा बेताने चालत होती, जणू मिस्सा चालू आहे. अखेर आमच्यातील एका शेतकरी बाईंनी धीर करून चित्रकाराला विचारले, “दादा, हे काय काढलंत?” तो तरुण हसला नाही, की रागावला नाही. “तुम्हांला काय दिसतं, मावशी?” त्याने विचारले. बाई थोडा वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “पाऊस पडून गेल्यावर आमचं शेत असं दिसतं. वरून पाणी, खाली चिखल.” चित्रकाराने वहीत ते वाक्य लिहून घेतले. त्यानंतर आमचे अठराही जण बोलू लागले.

तेथून समोरच राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. १९११ साली बांधलेल्या कावसजी जहांगीर सभागृहात ते १९९६ सालच्या डिसेंबरात सुरू झाले. आम्ही गेलो तेव्हा तेथे सुधीर पटवर्धन यांच्या आयुष्यभराच्या चित्रांचे प्रदर्शन चालू होते. पटवर्धन हे ठाण्याचे. व्यवसायाने क्ष-किरणतज्ज्ञ डॉक्टर, आणि ब्रश धरणारा हात मात्र कधी थांबला नाही असे चित्रकार. त्यांच्या चित्रांत इराणी हॉटेलात बसलेला माणूस आहे, गिरण्यांचे लोअर परळ आहे, उपनगरांच्या चाळी, बांधकामे आणि रस्त्यावरून थकून चालणारी माणसे आहेत. आमच्यातील एक गृहस्थ तीस वर्षे पहाटेच्या विरार लोकलने कामाला गेले होते. ते एका चित्रापुढे उभे राहिले आणि म्हणाले, “फादर, यांना आम्ही कुठे भेटलो होतो का?” आपण ज्या जगण्याला चित्रात काढण्याजोगे कधी मानले नाही, त्याकडे कोणीतरी चाळीसपंचेचाळीस वर्षे टक लावून पाहत होते, हे त्या गृहस्थांच्या ध्यानी आले होते. क्ष-किरणाने हाड पाहावे तसे हे चित्रकार माणूस पाहतात, असे आम्हांला वाटले.

बाहेर आलो तेव्हा दुपार झाली होती. जहांगीरच्या बाहेर पदपथावर चित्रे मांडून बसलेले कलावंत नेहमीच असतात. तेथे एकाकडे वारली पद्धतीची चित्रे होती. तांबूस जमिनीवर पांढऱ्या रेषा, तारपा वाजविणारा, त्याच्याभोवती नाचाचा फेर. आमच्याबरोबर पाड्यावरची एक कॉलेजात शिकणारी मुलगी होती. तिने किंमत विचारली, ऐकून गप्प राहिली, आणि मग हळूच म्हणाली, “फादर, आपल्या भिंतीवरही असंच होतं.”

ही भिंत कोणती, ते आता सांगणे प्राप्त आहे. चांदीपच्या बाजूला एका पाड्यावर प्रार्थनेसाठी कुटुंबे जमतात असे एक विटामातीचे साधे प्रार्थनाघर आहे. एका नाताळाला तेथील बायकांनी आपणहून एका भिंतीवर तांदळाच्या पिठाने चित्र काढले होते. गोठा, बैल, बाळ, आणि बाळाभोवती नाचाचा फेर. आम्ही ते पाहिले, छान म्हटले आणि विसरलो. पुढच्या वर्षी, म्हणजे २०१९ च्या नाताळापूर्वी, डागडुजीचे काम निघाले. रंगारी आला होता, एक डबा डिस्टेंपर उरत होता. भिंत मळकट दिसते, स्वच्छ करून टाक, असे आम्ही त्याला सांगितले. त्या जागी आम्ही दुकानातून आणलेली पवित्र कुटुंबाची तसबीर लावली. कोणी काही बोलले नाही. धर्मगुरूपुढे पाड्यावरची माणसे सहसा बोलत नाहीत, आणि ते मौन आम्ही संमती समजलो.

मुलीच्या त्या एका वाक्यानंतर आम्हांला पुढचा इतिहास वाचणे भाग पडले. वारली चित्र हे मुळात दालनासाठी नाहीच. लग्नात सवाशिणी घराच्या आतल्या भिंतीवर चौक लिहितात, त्यात पालघाट देवी असते आणि धवलेरी गाणी म्हणते. चौकावाचून लग्न लागत नाही. १९७० नंतरच्या दशकात भास्कर कुलकर्णी हे चित्रकार डहाणूच्या बाजूला आले आणि त्यांनी वारल्यांच्या हाती कागद दिला. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी बायकांची म्हणून मानलेली ही रेषा पुरुष असून हाती घेतली. लहानपणी आई गेल्यावर हा मुलगा बोलेनासा झाला होता आणि मातीत चित्रे काढून मनातले सांगत असे, अशी त्यांची हकिगत सांगतात. १९७५ साली त्यांची चित्रे मुंबईत केमोल्ड गॅलरीत लागली. चित्रांच्या चौकटी बनविण्याच्या धंद्यातून केकू गांधी आणि खोरशेद गांधी या पारशी दांपत्याने १९६३ साली ही गॅलरी जहांगीरच्या पहिल्या मजल्यावर सुरू केली होती. २००७ पासून ती प्रिस्कॉट मार्गावर आहे. पुढे १९८९ साली पॅरिसच्या मोठ्या जागतिक प्रदर्शनात म्हसे यांची चित्रे लागली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, आणि २०१८ साली ते गंजाडलाच वारले. आज आपला पालघर जिल्हा जगात ज्या कारणांनी ओळखला जातो त्यांत ही पांढरी रेषा अग्रभागी आहे. पॅरिसच्या भिंतीवर जिला मान मिळाला, ती रेषा आमच्या भिंतीवर आम्हांला मळ वाटली.

आंजेलो फोन्सेकांच्या सावळ्या मरियेला ज्यांनी नाकारले त्यांच्यावर आम्ही वर शब्द झाडले आहेत. ते शब्द लिहिताना आमचा हात अडखळत होता, तो यासाठी. ते लोक दुष्ट नव्हते. देवाघरची वस्तू बाहेरून, दुरून, चकचकीत येते अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. आमचीही होती. आणि आमच्याकडे तर अज्ञानाची सबबही नव्हती. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने उपासनेविषयीच्या आपल्या पहिल्याच घोषणापत्रात स्पष्ट केले होते की, ख्रिस्तसभेने कोणतीही एक कलाशैली आपली स्वतःची म्हणून मानलेली नाही, आणि प्रत्येक लोकसमूहाच्या व आपल्या काळाच्या कलेला तिच्यात मोकळीक असावी. हे कलम आम्ही सेमिनरीत पाठ केले होते, परीक्षेत लिहिलेही होते. त्यानंतर पुढच्याच वर्षी पोप सहावे पॉल यांनी सिस्टिन चॅपेलमध्ये कलावंतांना बोलावून दुरावलेली मैत्री पुन्हा जोडण्याची विनंती केली आणि १९७३ साली व्हॅटिकनच्या संग्रहालयात आधुनिक धार्मिक कलेचे दालन उघडले. १९९९ च्या ईस्टरला पोप दुसरे जॉन पॉल यांनी कलावंतांना पत्र लिहिले. आणि २८ एप्रिल २०२४ रोजी पोप फ्रान्सिस व्हेनिसच्या बिएनाले या जागतिक कलाप्रदर्शनास गेले. त्या प्रदर्शनास भेट देणारे ते पहिले पोप. व्हॅटिकनचे दालन त्या वर्षी कोठे होते? जुदेक्का बेटावरील स्त्रियांच्या तुरुंगात. समकालीन चित्रदालनाची वाट पोपना कैदी भगिनींकडे घेऊन गेली. आमची वाट आम्हांला पाड्यावर परत घेऊन आली.

परत येण्यास मात्र वेळ लागला. मार्च २०२० मध्ये करोनाने सारे दरवाजे बंद केले. २०२१ च्या आगमनकाळात आम्ही त्या पाड्यावर गेलो आणि ज्या वृद्ध बाईंच्या पुढाकाराने ते चित्र निघाले होते त्यांची क्षमा मागितली. चित्र पुसल्याबद्दल वाईट वाटते, असे म्हणालो. त्या क्षणभर आमच्याकडे पाहत राहिल्या. “भिंत आम्ही पण सारवतोच, फादर,” त्या म्हणाल्या. “चित्र तर जातंच. पण तुम्ही विचारलं नाही.”

त्यांचे म्हणणे आम्ही बराच काळ मनात घोळवीत होतो. लग्नाचा चौकही कायमचा नसतो. पुढच्या सारवणात तो जातो आणि पुढच्या लग्नात नवा येतो. आमचा अपराध पुसण्याचा नव्हता. ती भिंत कोणाची, हे न विचारण्याचा होता. चित्रदालनात त्या तरुण चित्रकाराने आमच्या शेतकरी बाईंना विचारले होते, तुम्हांला काय दिसते? तो साधा प्रश्न आम्ही आमच्या माणसांना कधी विचारला नव्हता.

डिस्टेंपरवर शेणमाती धरत नाही. तो रंग खरवडून काढावा लागतो. पाड्यावरच्या तरुणांबरोबर आम्ही चार शनिवार तो खरवडला. आमच्या हाताला सवय नसल्याने फोड आले, आणि पाड्यावरची मुले त्यावर मनसोक्त हसली. मग बायकांनी भिंत सारवली, गेरू दिला, आणि आपल्याला हवे ते काढले. काय काढावे हे आम्ही सुचविले नाही. बाळ येशू आहे, बैल आहेत, फेर आहे, आणि एका कोपऱ्यात, आम्हांला वाटते, एक झगा घातलेला बुटका माणूस हातात खरवडणी घेऊन उभा आहे. तो कोण, असे आम्ही विचारलेले नाही. तसबीर आता बाजूच्या भिंतीवर आहे. तिचीही कोणाला अडचण होत नाही.

वाचकांना आमची एकच विनवणी आहे. पुढच्या वेळी मोतमाउलीच्या जत्रेला किंवा कापडखरेदीला जाल तेव्हा दोन तास काढून काळ्या घोड्याकडे जावे. राष्ट्रीय कला संग्रहालय सोमवारी बंद असते एवढे ध्यानात ठेवावे. मुलांना न्यावे, आजीलाही न्यावे. समजले नाही तर लाजू नये, विचारावे. एखाद्या चित्राने अस्वस्थ केले तर लगेच पाठ फिरवू नये, थोडा वेळ थांबावे. आणि घरी परतल्यावर आपल्या वाडीत, आपल्या चर्चमध्ये, आपल्या शेजारच्या पाड्यावर एकदा नव्याने पाहावे. तेथे कोणी काही काढीत असेल, कोरीत असेल, विणीत असेल. त्यावर रंगाचा हात फिरविण्यापूर्वी त्यांना एक शब्द विचारावा.